एकवीस काकणं

अंजनामावशी कासारीण मला नावाने कधी ओळखायचीच नाही. मी लग्न होऊन मखमलाबादला आले ते नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालेलं असताना, आणि तिच्या लेखी मी कायमची 'दोन-चारवाली, अंगठ्याचं हाड आडवं' अशीच राहिले. दोन-चार हे माझ्या बांगडीचं माप. माझ्या सासूबाई 'दोन-सहा, हात लोण्याचा' आणि धाकटी नणंद मंगल 'दोन-चार, पण हसली की हात आखडती'. एकदा रविवार कारंज्यावर मावशी समोरून आली. मी दोन हाका मारल्या तरी तिला ओळख पटेना. शेवटी पुढे होऊन मी माझा हात तिच्या हातात दिला. भर रस्त्यात तिने तो दाबला, अंगठा वळवून पाहिला आणि म्हणाली, "हां, फुलवाल्यांची थोरली सून. आधी हात द्यायचा ना."

बाई उंच, काटकुळी, काळीसावळी. खांद्याला बांगड्यांची लाकडी पेटी. बाजाराच्या दिवशी एसटीने हरसूलला, महिन्याच्या सुरुवातीला देवळाली कॅम्पात जवानांच्या बायकांकडे, आणि सणावाराच्या आधी आमच्यासारख्या भाजी-फुलं पिकवणाऱ्यांच्या मळ्यांवर, अशी तिची फिरती होती. तिला एकच माज होता. बांगडी भरताना तिच्या हातून काकण वाढत नसे. काकण फुटलं असं तर आपण म्हणतच नाही, अशुभ नको म्हणून वाढलं म्हणतो, आणि मावशीच्या तोंडून तर तो शब्दसुद्धा मी फारसा ऐकला नव्हता. बायकांच्या हाताची हाडं एकेक करून निजवल्यासारखी ती दाबायची आणि बांगडी आत गेलेली आपल्याला मागाहून कळायची.

हात असा मऊ आणि तोंड मात्र असलं, की पहिल्या वर्षात मी तिच्यापासून चार हात लांबच राहत असे. माझं माहेर अगदी सोवळं. आमच्याकडे गरोदर बाईला 'तिला बरं नाहीये' म्हणत. मावशीला असला पडदा माहीतच नव्हता. मला पहिल्यांदा दिवस गेले होते, पाचवा महिना लागलेला. ओट्यावर मामंजी बशीत चहा ओतून पीत होते आणि त्यांच्या देखत मावशीने मला विचारलं, पोट साफ होतं का, का खडा धरतो? मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मामंजींनी बशी उचलली आणि ते थेट शेवंतीच्या वाफ्यात जाऊन उभे राहिले. मावशी मागून त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्या आईलापण धरला असंल की."

पण त्या नऊ महिन्यांत मला जे काही कोणी समजावून सांगितलं, ते तिनेच. मी अंबडच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये कारकून होते. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे. शिकलेली होते, पण स्वतःच्या अंगात काय चाललंय याची मला काडीची अक्कल नव्हती. बेंबीखाली काळी रेघ उठली, मान काळवंडली, दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. प्रत्येक वेळी वाटे, आपल्याला काहीतरी भयंकर झालंय आणि हे कोणाला सांगायची सोय नाही. सातव्या महिन्यात ब्लाऊजवर पिवळट डाग दिसला तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन रडले. मावशी नेमकी त्याच दिवशी आली होती. तिने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही, डागाकडे पाहिलं.

"दूध हाय ते, पू नाय. अंग आधीपासून तयारीला लागतं. तुला ठावं नसलं तरी त्याला ठावं हाय."

मग तिने माझ्या परकराची नाडी काढून फेकली. कमरेवर नाडीचा वळ उठला होता, त्याला खोबरेल लावलं आणि जुन्या लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी नाडीच्या जागी ओवून दिली. ती पोटाच्या वर नाही, खाली बांधायची. डाव्या कुशीवर निजायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये गोधडीची वळकटी घ्यायची. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कूस वळायची आणि मग हातावर रेटा द्यायचा. पोटऱ्यांत गोळा आला की बोटं आपल्याकडे ओढायची. पोट खाजलं तर नखं लावायची नाहीत, तेल चोळायचं. घशाशी आलं की गार दूध, तेही बसून, घोटघोट. आणि सहावा लागला की बोटातली अंगठी आणि पायातली जोडवी उतरवायची. माझी जोडवी रुतली होती. तिने रिळाचा दोरा बोटाला गच्च गुंडाळला आणि एका टोकाने उलगडत जोडवं असं बाहेर आणलं, की मी बघतच राहिले. सासूबाईंचा पारा चढला. सवाष्णीच्या पायातलं जोडवं काढतेस म्हणजे काय, असं त्या म्हणाल्या. मावशीने जोडवी त्यांच्याच हातावर ठेवली आणि म्हणाली, नवरा जोडव्याला बांधलेला असता तर आम्हा कासारांच्या बांगड्यांना कोणी कशाला विचारलं असतं.

त्यातून माझ्या डोहाळजेवणाला तिने वेगळाच घोळ घातला. चुडा भरायला बसली आणि दोन-चारच्या बाईला तिने दोन-सहाचा चुडा भरला, उजव्यात दहा, डाव्यात अकरा. हात वर केला की बांगड्या कोपरापर्यंत घरंगळत जायच्या. बायका खदखदून हसल्या. चुडा कसा मनगटाला चपखल बसला पाहिजे, अशीच आमच्याकडे आवड. एवढी नावाजलेली कासारीण, आणि गरोदर बाईला ढगळ चुडा भरते, हे कोणालाच कळेना. मी तिला विचारलं, तेव्हा तिने पेटीचं झाकण लावलं आणि बसची वेळ झाली म्हणून सांगितलं.

दर वेळी बांगडी भरायच्या आधी ती एक करायची. हाताच्या पाठीवर अंगठा दाबायची, उचलायची आणि त्या जागेकडे बघत राहायची. मला वाटायचं, माप घेते आहे.

मंगलचं डोहाळजेवण निघालं ते यानंतर काही वर्षांनी. मंगलचा नवरा तोफखान्यात. लग्नानंतर दोन वर्षं ते देवळाली कॅम्पात होते, मग त्याची बदली सीमेवर झाली आणि पहिलटकरीण म्हणून मंगल बाळंतपणाला माहेरी आली. त्याचं पत्र महिन्यातून एखादं. पोस्टमनची सायकल दिसली की घरातले सगळे हातातलं काम टाकत. आठवा महिना लागला होता आणि तिचा चेहरा असा भरून आला होता, की येणारी जाणारी प्रत्येक बाई म्हणे, काय तेज चढलंय पोरीला. मीही म्हणाले होते. तिच्या चपला तिला होईनात म्हणून ती तिच्या भावाच्या घालून फिरत होती आणि त्यावरून आम्ही तिची थट्टा करत होतो. त्या महिन्याची तपासणी राहिली होती. एवढं डोहाळजेवण उरकू आणि मग जाऊ, असं ठरलं. मी मोठी शहाणी, कंपनीत नोकरी करणारी, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आज आठवलं तरी स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

सासूबाईंनी त्या खेपेला मावशीला मुद्दाम बोलावलं नाही. चुड्यासकट मंगलचे फोटो काढून जावयाला पाठवायचे होते आणि त्यात ढगळ बांगड्या नको होत्या. गावातली दुसरी कासारीण सकाळीच येऊन गेली. तिने साबण लावून, जोर करून दोन-चारचा हिरवागार चुडा भरला. अंगावर घरच्याच निशिगंधाची वाडी, झोपाळ्याला शेवंतीच्या माळा, हिरवी साडी. मंगल इतकी सुंदर दिसत होती, की फोटोवाल्याने एक अख्खा रोल संपवला. अंगणात पंगतीची पानं मांडली होती. बायका गाणी म्हणत होत्या.

दुपारी बाराच्या सुमाराला मावशी आली. बोलावणं नसताना, हरसूलचा बाजार अर्धा टाकून, हातात नारळ आणि खण घेऊन. सासूबाईंचा चेहरा पडला, पण आलेल्या बाईला जा कसं म्हणणार. मावशी झोपाळ्यापाशी गेली, मंगलची ओटी भरली आणि सवयीने तिचा हात हातात घेतला. अंगठा दाबला. उचलला.

मी शेजारीच उभी होते. हाताच्या पाठीवर खड्डा पडला होता, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा. तो भरेचना. मावशीने दुसरा हात पाहिला, मग साडी वर करून नडगी. तिथेही तेच. मनगटाच्या पुढे बोटं निळसर दिसत होती.

"डोकं दुखतंय?" तिने विचारलं.

मंगल म्हणाली, कालपासून ठणकतंय, पण गडबड आहे म्हणून बोलले नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. इथे बरगडीखाली कळ येते.

मावशी सासूबाईंकडे वळली आणि गाडी काढायला म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, पानं वाढलीत, दोन घास खाऊ दे तिला, मग जाऊ. कोणी म्हणालं, पित्त असेल. कोणी म्हणालं, दृष्ट लागली, आधी मीठमोहऱ्या ओवाळा. मावशीने आणखी एकदा सांगितलं. गाणं जरा थांबलं होतं, ते परत सुरू झालं.

मग तिने मंगलच्या मांडीवर आपला पदर पसरला, मनगट त्यावर घेतलं आणि दोन बोटांनी बांगड्या दाबायला सुरुवात केली. पहिली फुटली तेव्हा मला वाटलं, चुकून झालं. लगेच दुसरी. मग तिसरी. तिचे हात थांबत नव्हते. सीमेवरच्या जवानाची बायको, पहिलटकरीण, डोहाळजेवणाच्या झोपाळ्यावर बसलेली, आणि तिचा हिरवा चुडा एक सवाष्ण कासारीण भर अंगणात फोडत होती. गाणं मध्येच तुटलं. एका बाईने कानांवर हात ठेवले. कोणाची तरी वाटी खाली पडून गडगडत गेली. मी पुढे होऊन तिला थांबवलंही नाही आणि मदतही केली नाही, नुसती बघत राहिले.

सासूबाई धावत आल्या आणि त्यांनी मावशीच्या मुस्काटात मारली. मावशीने मान फिरवली, दुसरं मनगट घेतलं आणि काम पूर्ण केलं. सासूबाईंनी तिची पेटी लाथेने उडवली. सगळं अंगण काचांनी भरलं.

अशा अंगणात जेवायला कोण बसणार? बायका चपला शोधायला लागल्या. मामंजी सुन्न उभे होते, ते एकदम भानावर आले आणि त्यांनी फुलांचा टेम्पो काढला. मंगलला पोत्यांवर डाव्या कुशीवर निजवलं. मावशी न विचारता मागे चढली, तिच्या पाठोपाठ मी. मखमलाबाद नाक्याच्या अलीकडे मंगलचे डोळे फिरले, दातखीळ बसली आणि सगळं अंग आचके द्यायला लागलं. मी माझ्या आयुष्यात तसलं काही पाहिलेलं नव्हतं. मी किंचाळत होते, देवाचं नाव घेत होते, आणि मावशी मंगलला कुशीवर धरून, तोंडातला फेस पदराने पुसत एवढंच म्हणत होती, "हात मोकळा हाय. हात मोकळा हाय."

दवाखान्यात पोचताच सिस्टरने त्या मोकळ्या हातात सुई लावली. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, मुठीएवढी, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मंगल तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली. डॉक्टर मामंजींना म्हणाले, जेवणाला थांबला नाहीत हे बरं केलंत.

चौथ्या दिवशी मी मावशीची रिकामी पेटी घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या गालावर अजून वळ दिसत होता. तिने चहा टाकला. मी माफी मागायला गेले होते आणि विचारलं मात्र भलतंच. गाडीत बसवूनही बांगड्या काढता आल्या असत्या, तिथेच का वाढवल्या?

"तुमी जेवायला बसला असता," ती म्हणाली. "पंगत उठली म्हणून गाडी निघाली."

मग तिने आपणहून सांगितलं. तिला एक मुलगी होती, रंजना. मला हे माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांत तिने कधी नावही काढलं नव्हतं. रंजनाच्या डोहाळजेवणाला हात सुजलेला असताना मावशीनेच साबण लावून चुडा भरला होता, आणि लोकांनी वाखाणलं होतं, की भरावा तर अंजनानेच. पुढे आठ दिवसांनी आचके यायला लागले. दवाखान्यात नेलं तेव्हा हात टम्म फुगलेला, शीर सापडेना. सिस्टर म्हणाली, बांगड्या फोडा.

"मी तिचे पाय धरले. म्हणलं, बाई, पहिलटकरीण हाय, हिरवा चुडा हाय, वाढवू नका. मी कासारीण हाय, मी काढते. एकेक काढली. एकवीस काकणं. एक वाढू दिलं नाय." तिने कपबशी माझ्यापुढे सरकवली. "शेवटचं निघालं तवा सिस्टर म्हणली, राहू द्या आता."

मी तो चहा कसा प्यायले मला आठवत नाही. पुढे मी मंगलच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तेवढ्या वेळाने कदाचित काही फरक पडला नसता. धावत जाऊन मी ते मावशीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, डॉक्टर तिथं नव्हते.

मंगलचा नवरा सुखरूप आला. मुलगी रांगायला लागली होती तेव्हा. पण मधले ते सगळे महिने सासूबाई पोस्टमनला पाहून देवघरात पळत होत्या, आणि ही गोष्ट मळ्यामळ्यावर झाली होती. मंगल वाचली हे जितक्या लोकांना कळलं, त्याच्या दसपट लोकांना, अंजनाने जवानाच्या बायकोचा चुडा फोडला, एवढंच कळलं. तिला कोणी शुभकार्याला बोलवेना. कॅम्पातल्या बायका दार लावून घेत. आणि दोन वर्षांनी मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मीसुद्धा चुडा दुसरीकडूनच भरून घेतला. सासूबाईंचं मन कशाला दुखवा, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मीही घाबरले होते. तिच्या सगळ्या सूचना मी तंतोतंत पाळल्या, रुंद पट्टी, वळकटी, दोन-सहाचं माप, फक्त तिला तेवढी दाराशी येऊ दिली नाही. याची लाज मला अजून वाटते.

तिला मी शेवटची पाहिली ती सरकारी दवाखान्यात, आणखी सहा-सात वर्षांनी. आमच्या स्टोअरमधली एक मुलगी बाळंत झाली होती, तिला भेटायला गेले होते. सुट्टी होती म्हणून मंगलची मुलगी तनू बरोबर होती. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर लिंबाखाली एक म्हातारी पेटी घेऊन बसलेली. पेटी ओळखीची वाटली. समोर हरसूलकडची वाटावी अशी एक अवघडलेली पोर उकिडवी बसायला बघत होती आणि म्हातारी तिला रागावत होती, पाय पसरून बस, पोटाला जागा दे. पोरीची सासू म्हणत होती, बांगड्या आता नका काढू, घरचे बोलतील. म्हातारीने तेल लावून एक बांगडी ओढून पाहिली. निघाली नाही. तिने पदर पसरला आणि कोणाला न विचारता दोन बोटांनी कामाला लागली.

तिथली आयाबाई म्हणाली, रोज येते, कोणी काही दिलं तर घेते. अंगठ्या, जोडवी, बांगड्या, सगळं हिच्याकडून उतरवून मगच बाई आत जाते.

ती पोर आत गेल्यावर मी पुढे झाले. मावशीच्या डोळ्यांत फूल पडलं होतं, नजर गेल्यातच जमा होती. मी काही न बोलता हात पुढे केला.

"दोन-चारवाली," ती म्हणाली. "आता दोन-सहा झालीस." मग तिने विचारलं, "दुसऱ्या खेपेला कोणाकडून भरल्यास?"

तिने माझा हात सोडला नाही, आणि पुन्हा विचारलंही नाही. तेवढ्यात तनू पुढे सरकली आणि आजी, मला बांगड्या भरा ना, म्हणाली. मावशीने पेटी उघडली. आत रीळ होतं, साबणाची वडी होती, तेलाची बाटली, एक स्वच्छ फडकं. बांगडी एकही नव्हती.

"भरायला काय नाय गं माझ्याकडं," ती म्हणाली. "कोणाची ही?"

"मंगलची," मी म्हणाले. नाव तिला अर्थातच लागलं नाही. मग मी म्हणाले, "दोन-चार, हसली की हात आखडती."

मावशीने चाचपडत तनूचा हात शोधला, आपल्या मांडीवर घेतला आणि पाठीवर अंगठा दाबून उचलला. तिला दिसत नव्हतं, म्हणून जागा बोटाने चाचपून पाहिली. खड्डा लगेच भरून आला होता. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा चाचपलं. तनूला गुदगुल्या व्हायला लागल्या, ती हसली आणि तिने हात आखडला. मावशीने तो परत मांडीवर ओढून घेतला आणि पुन्हा अंगठा दाबला. मी वॉर्डात जाऊन स्टोअरमधल्या मुलीला भेटून आले, निघायची वेळ झाली, तरी ती दाबतच होती.